डाव्या कानामागचा भांग

३ मे, शनिवार. सकाळी ९.
ताई जाऊन अकरा दिवस झाले. तिची मुलगी जोनेल आता माझ्याकडे राहते. वय सात. तिच्या वेण्या ताईनेच ईस्टरच्या आदल्या दिवशी घातलेल्या. आज बरोबर दोन आठवडे, म्हणजे सोडायची मुदत. जोनेल म्हणाली, मावशी, राहू दे ना. मी कारण समजावलं: गुंता होतो, केस तुटतात. मेम्फिसचे पूल तपासणं हे माझं काम. त्यापुढे डोक्यालगतच्या दहा वेण्या सोडून नव्या घालणं म्हणजे काहीच नाही. अंदाज: दोन तास.

दुपारी ४.१०.
सात झाल्या. ताईचा डाव्या कानामागचा भांग कायम अर्धा सेंटिमीटर वाकडा यायचा. मी पट्टी लावून पाडला. सरळ आहे. जोनेल रडली नाही. चांगली प्रगती.

५ मे, सोमवार.
जोनेल बोलत नाही. खालच्या मजल्यावरच्या ओडेसाआजी म्हणाल्या, अगं, पोरीचं डोकं आहे ते, पूल नव्हे. भुवया पार कपाळात नेल्यास. वेण्या जरा घट्ट असतील. टिकाऊपणासाठी आवश्यक.

६ मे.
जोनेल शाळेत लवकर सोड म्हणून मागे लागली. सावरते आहे.

७ मे, बुधवार.
शाळेत सोडताना मौनाचं कारण सापडलं. तिच्या वर्गातल्या हॅना नावाच्या गोऱ्या मुलीने आपल्या काळ्या लोकांसारख्या वेण्या घातल्यात. टोकांना मणी, वर चांदीचा कागद, सगळं. जोनेल तिच्या शेजारी बसून एकटक बघत होती. मी सात वर्षांची असताना याच वेण्यांसाठी शाळेने मला घरी पाठवलं होतं. नीटनेटक्या नाहीत म्हणून. ताई तिचा वर्ग सोडून माझ्याबरोबर चालत आली होती. आता त्यांना ती फॅशन.
निरीक्षण: वेण्या पिंजारलेल्या, किमान दोन आठवडे जुन्या. डाव्या कानामागचा भांग वाकडा. नवशिक्याचं काम.

८ मे.
मुख्याध्यापिकांना हॅनाच्या वेण्यांविरुद्ध दोन पानी पत्र. ओडेसाआजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, आपल्याला घरी पाठवलं ते मोठ्या माणसांनी, आणि तू धरलंस कुणाला तर सात वर्षांच्या पोरीला. भावनिक मुद्दा. पत्र पाठवलं. आज सलग चार तास ताईची आठवण आली नाही.

१२ मे, सोमवार.
हॅनाच्या आईचा फोन. आवाज नम्र. म्हणाली, केसांचा पार गुंता झालाय, पण हॅना हात लावू देत नाही, मलाही बळजबरी करवेना. तुमचं म्हणणं खरं आहे, आज सोडते. फक्त त्या कुणी घातल्यात ते तुम्हाला... मी म्हटलं, कुणी घातल्या हा मुद्दाच नाही. तिने पुन्हा सॉरी म्हटलं. विषय संपला. जोनेलला सांगितलं. ती जेवली नाही.

१३ मे, मंगळवार.
जोनेलने दप्तरातून पाकीट काढलं. आत मणी आणि चुरगळलेले चांदीचे कागद. हॅनाने दिले. मग दहा दिवसांनी ती सलग बोलली. म्हणाली, आईने पायरीवर आधी माझ्या घातल्या, मग हॅनाच्या. माझ्या तू सोडल्यास ना, म्हणून हॅना म्हणाली, मी नाही सोडणार, तू रोज ये बघायला.


१७ मे, शनिवार.
दोन आठवडे झाले. जोनेल आपणहून माझ्या गुडघ्यांमध्ये येऊन बसली. म्हणाली, मावशी, कानामागचा आईसारखा पाड.
पट्टी बाजूला ठेवली. अर्धा सेंटिमीटर, डावीकडे. सहा वेळा पाडला, सहा वेळा मोडला.
सरळच येतो.