वासाची परीक्षा

२ मे
आजपासून सेंद्रिय रसायन! बारावीत नुसतं पाठ करून ओकले होते, आता समजून घ्यायचंय. १४ जूनला पुण्याच्या कॉलेजची बायोकेमिस्ट्रीची प्रवेश परीक्षा. नाही जमलं तर बाबा त्यांच्या कंपनीत पॅकिंगला चिकटवणार. "साहेबांशी बोललोय मी." वर हसतायत! अठ्ठावीस वर्षं ते एमआयडीसीत रसायनांचे ड्रम ओततायत, आता माझा नंबर. मला नाही जायचं तिथे. नाही म्हणजे नाही.

५ मे
क्लास नाही, शिकवायला कुणी नाही. व्हिडिओ लावला की नेट गायब. शेवटी बाबांनाच विचारलं — बेंझिन आणि टोल्युईनमध्ये फरक काय?
"एक निळा ड्रम, एक हिरवा."
झालं! संपलं सेंद्रिय रसायन.

९ मे
इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो त्याचे बाण काढून डोकं उठलं. बाबा वहीत डोकावले. "ह्यो पोलादपूरचा घाट काढलास काय गो?" आई पदराआड हसत होती. फितूर!

१३ मे
अमिनो आम्लं वीस. येतात अकरा.

२४ मे
वीसच्या वीस!! आईला धडाधड म्हणून दाखवली. म्हणाली, "आता प्रसाद वाट."

१ जून
वासावरून पदार्थ ओळखायचा धडा. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव घरात बसलाय, घेऊ परीक्षा! बाबांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. नाकाखाली एकेक वाटी — व्हिनेगर, नेलपॉलिश काढायचं पाणी, कापूर, पिकलं केळं. व्हिनेगरला म्हणाले गुलाबपाणी. कापराला म्हणाले, "ही तुझ्या आईची आमटी." आईने लाटणं उगारलं! केळं हाताने चाचपून ओळखलं, चोर कुठले. ते धरलं नाही. वहीत लाल पेनाने शेरा मारला — श्रीपत नापास, पालकांनी येऊन भेटावे. पोट दुखेपर्यंत हसलो.

१४ जून
वरंध घाट बंद, ताम्हिणीतून गेलो. पेपर बरा. दोन-तीन बाण उलटे मारले असणार. बाबा तीन तास गेटबाहेर उभे. मी बाहेर आले तर म्हणाले, "पॅकिंगला जागा धरून ठेवलीय हां." महाडला घरी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

२६ जून
आई शेजारी, मी मागच्या दारी. दूध करपल्याचा वास तिथवर आला. धावले तर बाबा शेगडीच्या बाजूलाच पेपर वाचत बसलेले! मी ओरडले, वास नाही आला?
त्यांनी पातेलं उतरवलं. मग हळूच म्हणाले, "धा वर्सं झाली, ड्रमांच्या वाफेनं कसलाच येत नाय. आईला बोलू नको."
आणि मी त्यांना नापास केलं होतं. फार वाईट वाटलं. मोरीत जाऊन रडले.

२८ जून
यादी लागली. शेवटून चौथी, पण आहे! बाबांना म्हटलं, आता साहेबांना सांगा, पोरगी येत नाही.
"साहेबांना मी कधी बोललोच नाय," म्हणाले. "तुला तिथं पाठवीन होय गो?"