पार्किंगची फरशी आणि आतली कडी

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद.

(नमस्कार तू करायचा असतो, तो केलास असं धरून पुढे लिहिते.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या जावयाचा खोकला गेला का? आणि जावई?

इकडे माझी प्रकृती उत्तम आहे, आणि ती उत्तम आहे हे घरात कुणालाच पटत नाही, याचं श्रेय तुला. बाथरूममध्ये घसरले ते मी तुला एकटीला सांगितलं होतं. घसरले म्हणजे काय, साबणावर पाय पडला, बूड टेकलं, उठले, उरलेली आंघोळ उरकली. पण तू माझ्या मुलाला फोन केलास. तुझ्या तोंडून निघेपर्यंत मी आपटले होते, आणि त्याच्या तोंडून सुनेच्या कानी जाईपर्यंत थोडक्यात वाचले होते. त्याच संध्याकाळी दोन गोष्टी ठरल्या. एक, बाथरूम नवी करायची. दोन, नव्या दाराला आतून कडी ठेवायची नाही, म्हणजे मी पुन्हा पडले तर कुणालाही धावत आत येता येईल. पहिल्या गोष्टीवर घरात रोज वाद झाले, दुसरीवर एकदाही नाही. मला विचारशील तर (तूच विचार, इथे कुणी विचारत नाही) मला पडण्याची भीती नाही, धावत येणाऱ्यांची आहे. या घरात दार ढकलण्याआधी वाजवायची पद्धत माझ्या सासूच्या वेळेपासून नाही. आयुष्यभर सगळ्यांच्या मध्ये बसून जेवले, सगळ्यांच्या मध्ये झोपले, रडायचं झालं तरी भांडी घासता घासता. आंघोळीची तेवढी वेळ माझी. तिथेही कुणी डोकावणार असेल तर मग अंगणातच बसते की बादली घेऊन.

तर बाथरूम आईसाठी. जो तो मला काय हवं ते मला सांगत होता. मुलाला छतातून पावसासारखं पाणी पाडणारा शॉवर हवा होता, कारण आईला हात वर करायला नको. सुनेला दुधासारख्या पांढऱ्या, गुळगुळीत फरशा हव्या होत्या, कारण आईंना स्वच्छता आवडते. नातीला मध्ये काचेची भिंत हवी होती, आरपार दिसणारी, कारण आजीला मोकळं वाटेल. (या वयात माझं काय मोकळं व्हायचं राहिलंय?) मी म्हटलं, माझ्यावर इतकं प्रेम आहे तर मलाही दुकानात न्या. नाइलाजाने नेलं.

दुकान म्हणजे काय सांगू. ओळीने बाथरूमा मांडलेल्या आणि एकीतही पाण्याचा थेंब नाही. टाय लावलेला एक विक्रेता माझ्यामागे लागला. एक फरशी उचलून म्हणाला, "आजी, हिच्यात तुम्हाला स्वतःचा चेहरा दिसेल." मी म्हटलं, "बाळा, आंघोळ करताना माझं मला जेवढं दिसतं तेवढंच पुष्कळ आहे." मग मी चपला काढल्या आणि त्याच्याकडे तांब्याभर पाणी आणि साबण मागितला. त्याला वाटलं हात धुवायचेत. मी त्याच्या चेहरा दाखवणाऱ्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि वर उभी राहिले. माझा पाय गेला, मुलाने दंड धरला, दुसरी गिऱ्हाइकं जमली. दुसऱ्या फरशीवर तेच, तिसरीवर तेच. सून हळूच म्हणाली, "आई, फरशी डोळ्यांनी निवडतात." डोळ्यांनी मी जन्मात एकच वस्तू निवडली, तुझे भावोजी. पुढचं तुला ठाऊक आहे.

एवढं पाणी ओतल्यावर मला जायची घाई झाली. (तुझंही तसंच होतं, हसू नकोस.) विक्रेत्याने दुकानामागचा संडास दाखवला. आत गेले तर जमीन ओलीचिंब, आणि पाय असा धरून ठेवला की हलायला तयार नाही. खाली बघते तर राखाडी, खरखरीत, रेघारेघांची फरशी. बाहेर येऊन म्हटलं, "ही दे." तो कसंनुसं हसला. "आजी, ती पार्किंगची आहे. गाड्या उभ्या करतात तिच्यावर." मी विचारलं, "मग तुमचे मालक आत गाडी घेऊन बसतात का?" विक्रेत्याने मालकाकडे बघितलं आणि मालकाने पंख्याकडे. मुलगा हसला. सून हसली नाही. म्हणाली, "पाहुणे काय म्हणतील?" मी म्हटलं, "पाहुणे पडणार नाहीत, उभ्याने काय म्हणायचं ते म्हणतील."

शेवटी तह झाला. जमिनीला माझी पार्किंगची फरशी, भिंतींना सुनेची दुधासारखी. (सून वाईट नाही गं. भिंतीवर डाग दिसला तर तिला जेवण जात नाही, एवढंच.) मुलाला त्याचा पाऊस मिळाला, पण त्याच्याखाली माझ्या बादलीसाठी नळ. नातीला काच मिळाली, पण धुरकट. आणि धरायला भिंतीत स्टीलचा जाड दांडा. मिस्तरी म्हणाला, "आजी, याला लटकलात तरी निघणार नाही." मी लटकून बघितलं. नाही निघाला.

राहता राहिली कडी. दार आलंय, भिंतीला टेकून उभं आहे, पुढच्या आठवड्यात सुतार बसवणार. मी चहाच्या वेळी विषय काढला. वाटलं होतं मुलगा चिडेल, तर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, ऑफिसात घरचा फोन वाजला की उचलायच्या आधी तू मला जमिनीवर पडलेली दिसतेस." मी म्हटलं, "तू चौदा-पंधराचा होतास तेव्हा आतून कडी लावून तासभर बसायचास. मीही दाराबाहेर उभी राहून नको नको ते मनात आणायचे. हाक मारायचे, शिव्या घालायचे, पण तुझी कडी काढली नाही." तो म्हणाला, "ते वेगळं होतं." चहा तसाच टाकून उठला.

असो. मी कुणाच्या मिनतवाऱ्या करणाऱ्यांतली नाही, हे तू जाणतेस. होईल ते होईल. गुडघ्याला शेक देत जा. सगळ्यांना आशीर्वाद, जावयाला जरा जास्त, म्हणजे तो लवकर घरी जाईल.

तुझी,
थोरली

ता. क. मुलगा उठला, पण दारातून वळून एक बोलला, ते लिहायचं राहिलं. "मावशीच्या बाथरूमला आतून कडी असेल तर आपणही ठेवू." तुझा शब्द म्हणजे त्याला वेदवाक्य. मला तुझ्याहून मोठी असूनही तो मान नाही. तेव्हा त्याला एक फोन कर. मी पडले तेव्हा सांगायला केला होतास ना, तसाच.

आणखी ता. क. तुझी कडी तुझ्या मुलाने गुडघ्याच्या दुखण्यात काढून टाकली, हे मला माहीत आहे. तू लपवलंस, पण तुझी सून बोलली. तेव्हापासून तू दाराला बादली टेकवून आंघोळ करतेस, हेही तीच बोलली. म्हणून या पत्रासोबतच्या पुडीत एक कडी आहे, स्क्रूसकट. दाराला जुनी भोकं असतीलच. मुलगा कामावर गेला की सुताराला बोलाव आणि कुणाला विचारत बसू नकोस. माझ्या मुलाशी खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही. कडी बसव, आत जा, लाव, आणि तिथूनच त्याला फोन कर.