हाक्याचं पान

दि. १४ मार्च, शुक्रवार

प्रिय ब्रश,

पत्र आणि चित्रांचं जाडजूड पाकीट दोन्ही मिळालं. पाकिटावर निळ्या रंगाचा अंगठा उमटलाय, त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव वाचायची गरजच पडली नाही. आम्ही इथे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, बायको त्याच्याहून जास्त कुरकुरते आणि लेक घरी फक्त मोबाइल चार्ज करायला येते. तुझ्याकडेही सगळे बरे आहेत असं धरून चालतो, कारण तू सात पानं लिहिलीस ती सगळी भुतांवर, माणसांबद्दल एक ओळ नाही. अजून तसाच आहेस. बरं वाटलं.

चित्रं तीन-तीनदा पाहिली. हडळीचे पाय उलटे आहेत हे आधी लक्षातच येत नाही, आणि आलं की पान पटकन उलटावंसं वाटतं. आणि चकव्याच्या पानावर तू नुसती वाट काढलीस, भूत कुठेच नाही! बायकोने "यात भूत कुठंय?" म्हणून ते पान हातात घेतलं आणि चांगली पाच मिनिटं शोधत बसली. म्हणजे चकवा लागला की तिला.

आपल्या जुन्या खेळातल्या भुतांवरचं तुझं पुस्तक कशाबद्दल आहे हे लेकीला समजावताना मात्र घाम फुटला. "म्हणजे तुम्ही चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून नुसतं बोलायचात?" असं विचारते. मी म्हटलं, नुसतं नाही गं. मी सूत्रधार. मी गोष्ट सांगायचो, "तुम्ही पुलावर आलात, खाली पाणी नाही, तरी पाण्याचा आवाज येतोय, काय करता?" मग ज्याने त्याने आपापल्या पात्राने काय करायचं ते सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फासे ठरवणार. ती म्हणाली, "आणि घाबरायचात?" मी म्हटलं, एकदा आमची सिस्टर, जी दिवसभर हॉस्पिटलात रक्त बघायची, ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. लेकीचा विश्वास बसला नाही.

ती खोली आठवते ना तुला? चष्म्याच्या दुकानामागची, डोळे तपासायची. रविवारी दुकान बंद असायचं, मालकाकडून मी किल्ली मागून घ्यायचो. भर दुपारी काळा पडदा ओढला की मिट्ट अंधार, आणि समोर भिंतीवर फक्त तो अक्षरांचा तक्ता उजळलेला. टेबल म्हणजे दोन स्टुलांवर टाकलेली फळी. खेळायला बसण्याआधी मी काचा घासायच्या यंत्रावर कापड टाकायचो, कारण आपले चौथे गडी, गणित सर, हटकून त्याच्यावर चहाचा कप ठेवायचे. माझ्या अंगाला त्या घासलेल्या काचेचा वास असायचा, तुझ्या अंगाला तारपीनचा, सिस्टरच्या अंगाला डेटॉलचा. गणित सरांना कसलाच वास नव्हता, फक्त शंका होत्या. "चकव्यात सापडून आम्ही तीन वेळा त्याच झाडापाशी आलो, तर चाललेलं अंतर तिप्पट धरायचं की शून्य?" यावर अख्खी एक दुपार गेली होती. भूत बिचारं बाजूला उभं.

आपला नियम मी तुझ्या प्रस्तावनेत वाचला आणि गहिवरून आलं. छापील पुस्तकातलं भूत चालणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरच्या कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं भूत आणायचं आणि सूत्रधाराच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. ते राहतं कुठे? त्याला काय हवं असतं? ते कशाला घाबरतं? तू लिहिलंयस की बाकी खेळांत भुताला किती वार केल्यावर ते मरतं एवढंच लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे ते कुणी सांगितलं होतं हेही वहीत लिहिलेलं असायचं. अगदी खरं. सिस्टरची हडळ तिच्या मावशीची होती, आणि मावशी जशी तोंडात सुपारी धरून बोलायची तशीच हडळही बोलायची. म्हणून तर भीती वाटायची. ओळखीच्या माणसाचं काहीतरी त्यात असायचंच.

तू हाक्या आणला होतास. बाकीचे त्याला हाकामारी म्हणतात, पण तुझे वडील हाक्या म्हणायचे. शिडीवर उभं राहून दुकानाची पाटी रंगवता रंगवता त्यांनी तुला खाली ती गोष्ट सांगितली होती. हाक्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो. त्याला दोनच हाका मारता येतात, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या हाकेला ज्याने ओ दिली तो त्याच्यामागे गेला. त्याला काय हवं असतं, या माझ्या प्रश्नावर तू म्हणाला होतास, "बाबा सांगायचे, त्याला काहीच नको असतं. कुणीतरी ओ द्यावी, एवढंच."

त्या वेळी तू घर सोडून चार वर्षं झाली होती आणि छापखान्यावरच्या खोलीत राहत होतास. वडिलांचं नाव आम्ही काढायचं नाही हे आम्हाला पाठ होतं.

आता तू म्हणतोस की हाक्याचं पान मीच लिहावं, आणि त्या रविवारी काय झालं त्याबद्दलही दोन ओळी. शिवाय अर्पणपत्रिका पाठवलीयस. "ज्याच्या एका हाकेने मला माझे वडील परत मिळाले, त्या मित्रास." मी ती वाचली आणि दुकानात उठून आत गेलो. गिऱ्हाइकाला वाटलं फ्रेम आणायला गेलो.

बाकी उद्या लिहितो. दुकान उघडायची वेळ झाली.


दि. १७ मार्च, सोमवार

उद्या म्हटलं आणि तीन दिवस गेले. दुकान वगैरे काही आड आलं नाही. पेन उचलायचो आणि ठेवून द्यायचो.

आधी त्या रविवारबद्दल. तुला आठवतं तसं तू लिहिलंस. खेळातलं तुझं पात्र, तो कंदीलवाला, पडक्या सराईच्या जिन्यावर उभा होता. मी तक्त्याचाही दिवा घालवला आणि अंधारात हाक मारली, "छोटे पेंटर, शिडी धर रे!" कुणी फासे टाकायच्या आत तू "आलो" म्हणालास. पहिल्याच हाकेला. गणित सर ओरडले, "अरे, अजून दोन बाकी आहेत!" आणि तू पडदा सारून बाहेर पडलास तो थेट वडिलांच्या घरी. तुला त्यांचे शेवटचे अकरा दिवस मिळाले. तू लिहितोस, "ते नाव मी तुला कधीतरी बोलून गेलो असेन, आणि तुला नेमकं त्याच दिवशी आठवलं. याला मी योगायोग म्हणत नाही."

योगायोग नव्हताच ब्रश. तू ते नाव मला कधीच सांगितलं नव्हतंस. ते मला तुझ्या वडिलांनी सांगितलं.

एका मंगळवारी सकाळी ते दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू ढिला आहे म्हणाले. स्क्रू चांगला घट्ट होता. तरी मी काढून परत बसवला, कारण ते समोर बसून राहिले होते. म्हणाले, "अक्षराची उभी रेघ सरळ येत नाही आता." मी नंबर तपासू का विचारलं तर म्हणाले, "नंबराचं काम नाही. डॉक्टरांनी सांगितलंय काय ते. दीडेक महिना. पण त्याला यातलं बोलायचं नाही हं. दया म्हणून आलेला नको मला." मग त्यांनी मला एक निरोप दिला. मी तुझा मित्र आहे हे त्यांना ठाऊक होतं, आपण रविवारी जमतो तेही. जाता जाता दारात म्हणाले, "लहान असताना छोटे पेंटर, शिडी धर रे म्हटलं की कुठूनही पळत यायचा." आणि हसले.

त्याच संध्याकाळी मला छापखान्याचा जिना चढता आला असता. बारा मिनिटांची वाट. मी गेलो नाही.

मी स्वतःला सांगितलं की तू चिडशील. वडिलांचा विषय काढला तर खेळ सोडून जाईन असं तू एकदा म्हणाला होतास, तेवढं मला पुरलं. पण ते निमित्त होतं. खरं कारण सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. दुकानातून ते बाहेर पडले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रसंग उभा राहिला. हाक्या! अंधार, जिना, आणि त्याच्या तोंडी तुझ्या वडिलांची हाक. असा प्रसंग सूत्रधाराला आयुष्यात एकदा मिळतो. आणि तो मला नीट रंगवायचा होता.

पण खेळात आपली मंडळी तेव्हा दलदलीत अडकली होती, सराई अजून दूर होती. पहिल्या रविवारी पूल ओलांडायचा राहिला. दुसऱ्या रविवारी तुझा कंदीलवाला तापाने पडला, कारण तुझे फासे वाईट पडले. तिसऱ्या रविवारी सिस्टरला ड्युटी लागली आणि मी खेळच रद्द केला. चौथ्याला गणित सरांनी वाट चुकवली. पाचव्याला तुम्ही सराईच्या दारापर्यंत पोचला होतात, वेळही होता, आणि मी तिथे खेळ थांबवला. का, तर दारात थांबवलं की आठवडाभर उत्कंठा राहते. माझ्या हिशेबी त्या गोष्टीला घाई चालणार नव्हती. आणि तुझे वडील मधल्या काळात दोनदा दुकानात येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं नाही, नुसता चष्मा पुसून घेतला. मीच म्हटलं, "सांगतो काका, योग्य वेळ बघतोय." ते म्हणाले, "बघ बाबा."

पाच आठवडे, ब्रश. तुला अकरा दिवस मिळाले त्याचे तू इतकी वर्षं माझे आभार मानतोयस. ते पाच आठवडे मी तुझ्याकडून काढून घेतले.

हे एवढंच असतं तर मी कदाचित आजही गप्प राहिलो असतो. मी तसलाच आहे. पण परवाच्या पत्रात शेवटून दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, "अकरा दिवसांत ते खूप बोलले, पण वहीबद्दल अवाक्षर नाही. माझ्या चित्रांची वही गिऱ्हाइकांसमोर ब्रश धुवायच्या डब्यात बुडवली, त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. चालायचंच. मी ते सोडून दिलंय." सोडून दिलेली गोष्ट माणूस अठरा वर्षांनी लिहीत नाही. आणि त्याच्याखाली ती अर्पणपत्रिका.

ते गेल्यावर तेराव्या की चौदाव्या दिवशी तू दुकानात आला होतास. म्हणालास, "मी गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, तुझ्या मित्राने सांगितलं ना सगळं? मी म्हटलं, हो, सांगितलं." तुला वाटलं ते त्या हाकेबद्दल विचारतायत, कुणीतरी त्यांना खेळाचं सांगितलं असेल. मी काचेवर मान खाली घालून बसलो होतो. मला त्याच क्षणी कळलं होतं की ते काय विचारत होते. तुझ्या "हो"वर त्यांनी मान डोलावली असेल आणि निरोप पोचला असं समजून ते निश्चिंत झाले असतील. मग पुन्हा का काढतील ते वहीचा विषय? त्यांच्या दृष्टीने बोलून झालं होतं. तू ऐकूनही त्यांच्याजवळ बसलास, म्हणजे माफ केलंस, असं मनात धरून ते गेले.

आणि निरोप माझ्याकडेच होता. खेळात मी फक्त हाक वापरली. बाकीचं भुताच्या तोंडी शोभलं नसतं, म्हणून गाळलं.

हाक्याचं पान सोबत जोडतोय. तीनही प्रश्नांची उत्तरं त्यात लिहिलीत आणि शेवटी, सूत्रधारासाठी सूचना म्हणून, एक ओळ घातलीय. टेबलावरच्या कुणासाठी खराखुरा निरोप तुमच्याकडे असेल, तर खेळ मांडायच्या आधी तो द्या. ठेवायची तर ठेव, नाही तर सगळं पानच काढून टाक. अर्पणपत्रिका मात्र कृपा करून छापू नकोस. ती वडिलांच्या नावे कर.

माफी मागत नाही. ती मागायची तर आधी दुसऱ्याची पोचवायला हवी. त्यांचे शब्द मी विसरलो नाही, इतक्या वर्षांत एकही अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले होते:

"त्याला सांग, माझं चुकलं. वही बुडवायला नको होती. चित्रं माझ्यापेक्षा चांगली होती, ते सहन झालं नाही. बाकी काही नव्हतं."

एवढंच.

तुझ्या वडिलांचा निरोप अठरा वर्षं उशिरा पोचवणारा,
चष्मा