शिवेवरची कोंबडी

२ मार्च १९६४
पोचलो एकदाचा वडनेरला! नांदुऱ्यापासून एसटीत मांडीवर थर्मास धरून बसलो होतो. त्यात बर्फ आणि बर्फात रानीखेतच्या, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीच्या, लशीच्या कुप्या. कंडक्टर म्हणाला, कुल्फी हाय का बे, मंग एकटाच काऊन खाऊन राह्यला? मी नुसता हसलो. आज मी कोणाशीच भांडलो नसतो. पंचायत समितीनं कोंबड्यांना लस टोचायची हंगामी नोकरी दिली, गाव कोणतं पाहिजे विचारलं, मी हेच सांगितलं. कमळजा इथली. आमचं कळताच तिच्या बापानं, भगवंतरावांनी, तिला अकोल्याच्या कॉलेजातून उचलून घरी आणलं. ती गेल्यावर मला तिथं काय होतं? मीही सोडलं. आता ती दोन गल्ल्या पलीकडे आहे.

केसरबाईंच्या ओसरीलगतची खोली मिळाली. बाई फटकळ. पाणी कुठलं, विचारलं तर म्हणे, विहिरीचं, तुह्यासाठी काय गंगा आणू? असू दे. खिडकीतून कमळजाच्या अंगणातलं कवठाचं झाड दिसतं.

६ मार्च
लोक कोंबड्या लपवतात. डालग्याखाली, चुलीमागे, एकीनं तर धान्याच्या कोठीत. सुई टोचली का अंडं बंद होते म्हणतात. मी ओरडतो, ते हसतात. पारावर भगवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, कॉलेजातून पळाला अन् कोंबड्यांचा डाक्टर झाला! वर सांगितलं की कमळजाचं लग्न वैशाखात उरकणार. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमच्या सगळ्या कोंबड्या टोचतो, एकही मानमोडीनं मेली नाही तर मुलगी मला द्यायची. मग ते थंडपणे म्हणाले, हाव. पण एक जरी मेली त तोंड काळं करजो इथून.

टोचल्या. एकूण एक. बर्फ ताजा होता, हात स्थिर होता. कमळजा आता माझी.

११ मार्च
सकाळी शिवेवर गर्दी. बाभळीला एक कोंबडी बांधलेली, हळदकुंकू लावलेली, पायात लाल दोरा. शेजारच्या गावात मानमोडी आहे, ती त्यांनी हिच्यावर उतरवून आमच्या हद्दीत सोडली. केसरबाई म्हणाल्या, हात नको लावू बरं. जो आपल्या हातानं उचलीन, रोग त्याचा. दुसऱ्या कोणी तिले उचललं तरच पहिला सुटते. लोक लांब काठीनं तिला पुढच्या शिवेवर ढकलणार होते.

भगवंतराव म्हणाले, टोच ना तिले, डाक्टर.

मी दोरा तोडला, कोंबडी काखोटीला मारली आणि भर गावातून चालत आलो. विहिरीवर कमळजा घागर भरत होती. तिला मोठ्यानं म्हटलं, पाहा, कोंबडीच आहे, दुसरं काही नाही. ती हसली. त्या हसण्यासाठी मी गावातल्या सगळ्या कोंबड्या उचलल्या असत्या.

१४ मार्च
कोंबडी खुडूक बसली. कमळजा केसरबाईंकडे विरजण मागायच्या निमित्तानं आली, ओच्यात अंडी घेऊन. म्हणाली, उबवा, त्यातलं एक पिल्लू माझं. माझ्या ट्रंकेच्या झाकणात भुसा घालून अंडी मांडली. केसरबाई उंबऱ्यावरूनच बडबडत होत्या, पाप घरात घेतलं म्हणून.

कोंबडी दाण्यालासुद्धा उठत नाही. खोलीत मी कुठंही बसलो तरी तिची मान तिकडे वळते.

२३ मार्च
गावात मानमोडी आली. पहिल्या भगवंतरावांच्याच कोंबड्या. टोचलेल्या. माना पिरगळतात, जिवंतपणी गोल गोल फिरतात, चोच उघडी टाकून पडतात. बर्फ ताजा होता, मी कितीदा सांगू! लोक मेलेल्या कोंबड्या माझ्या दारात आणून टाकतात. विहिरीवर माझी बादली लाथेनं उडवली, मी एकाचं कानशील सुजवलं, मग सहा जणांनी मला तुडवलं. भगवंतरावांचा निरोप आला, निघ. जाणार नाही. कमळजाला घेतल्याशिवाय जाणार नाही.

मेल्या त्या गावातल्या. खोलीतली मात्र तुकतुकीत आहे.

४ एप्रिल
अंडी फुटली. सगळी.

पिल्लं जिवंत आहेत. पळतात, टिपतात. पण माना उलट्या — पार पाठीकडे. चालतात माझ्याकडे आणि बघतात भिंतीकडे. मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तर सगळी माझ्याकडे बघू लागली.

केसरबाईंनी मधलं दार पलीकडून लावून घेतलं. मी हाक मारली तर म्हणाल्या, तुहं तू निस्तर.

६ एप्रिल
उठलो तर मान डावीकडे. अवघडली असेल. उशी नाही ना —

विहिरीवर निघालो. सरळ चालतोय असं वाटत होतं. परत आपल्याच दारात. पुन्हा निघालो, पुन्हा दारात. लोक फटीतून बघत होते. कोणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं.

७ एप्रिल
भर दुपारी, ऊन असं की कुत्रंही बाहेर नाही. कोंबडी आणि पिल्लं टोपलीत घातली, शिवेच्या दगडापाशी ठेवली. वाट पाठीकडे ठेवून चाललो तेव्हा पाय नीट पडले.

उचलेल कोणीतरी. वाटसरू. गुराखी. कोणी का असेना, मरो. या गावानं मला तुडवलं. मला जगायचं आहे. कमळजासाठीच ना —

८ एप्रिल
सुटली! मान सुटली! सकाळी आरशात बघितलं, सरळ. सरळ चालत विहिरीवर गेलो. उचलली कोणीतरी. कोण ते मला नको कळायला.

आज संध्याकाळी कमळजाला निरोप धाडतो. उद्या पहिल्या एसटीनं —

तीच आली. दुपारीच, उघड, सगळ्या गावादेखत. टोपली काखेला. म्हणाली, तुमची कोंबडी पिल्लांसकट शिवेपर्यंत गेली होती न. सगळे हात नको लावू म्हणत होते. मी म्हटलं, कोंबडीच आहे, दुसरं काही नाही. तुम्हीच म्हणाला होता ना?

मान जरा कलती. आधी वाटलं, लाजते आहे.

दार लावलं. मी. आतून.

ती म्हणतेय, घ्या ना. हात अवघडला. मान दुखून राह्यली माझी.

घ्यायची फक्त. मी उचलली की ती सुटेल. दोन हात पुढे करायचे —

करतो. मी काय भितो? एवढी ओळ झाली की कडी काढतो.

झाली. अजून एक —

हाक थांबली. ती अंगणात फिरते आहे. गोल. टोपली सोडत नाही. पावलं तिकडे, तोंड इकडे, प्रत्येक फेरीला खिडकीशी — डोळे माझ्याच —

कमळजा, मी येतो, मी आत्ता —

कडी हातात आहे. हात का उच