फाट्यावर मी नव्हतो

आण्णा, कन्नडचा घाट उतरल्यावर एका फाट्यावर मी उभा होतो आणि मग नव्हतो. सगळं बदललं ते तिथं.

तुमची जुनी मोटारसायकल घेऊन मी राजस्थानच्या ट्रिपला निघालो होतो. आम्ही नऊ जण, नऊ गाड्या. मला वाटलेलं, नुसती पळवायची. पहिल्याच दिवशी कळलं की यात निम्मं काम थांबायचं असतं. वळण आलं की दुसऱ्या नंबरच्या गाडीनं तिथंच उभं राहायचं, शेवटची गाडी येईपर्यंत. फाट्यावर आपलं कुणी दिसलं नाही तर सरळ जायचं. मला हसूच आलं. ही तर आपली मेंढरं रस्ता ओलांडतायत.

शेवटची गाडी तिची होती. तिच्या अशा तीन ट्रिपा झालेल्या, म्हणून मागं तीच. जिच्यावरून मी सेकंड इयरला एकाचं नाक फोडलं आणि कॉलेज सोडून घरी बसलो, ती. घाटाखाली चहा पिताना म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. परत आल्यावर सांगणार होते तुला."

"घरच्यांनी ठरवलं?"

"नाही. मीच."

"आणि मी कॉलेज सोडलं ते?"

"मी म्हणाले होते का, मारामारी कर म्हणून?" असं म्हणून तिनं माझा रिकामा कपही उचलून टपरीवर नेऊन ठेवला. भांडताना असं कुणी करतं का, आण्णा?

पुढच्या फाट्यावर थांबायची पाळी माझी. हेल्मेटमध्ये कान तापलेले. पहिली गाडी पुढं गेली, मागच्या सहा वळवल्या. सातवी तिची. ती लांबवरही दिसेना, आणि मी किक मारून निघालो.

फाट्यावर कुणी नाही म्हणून ती सरळ गेली. आडरस्त्याला क्लचची वायर तुटली, फोनला रेंज नाही. अडीच तासांनी सापडली, तेव्हा एका बंद शाळेच्या पायरीवर बसली होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू उभा नव्हतास, म्हणून मला वाटलं सरळच असेल." सगळ्यात पुढची गाडी चालवणाऱ्यानं मला तिथूनच घरी पाठवलं.

आठवतं, आण्णा? चितेगावला काकांची मेंढरं रस्ता ओलांडतायत. मी आठ वर्षांचा. शेवटचं जाईस्तोवर हलू नको, असं सांगून तुम्ही मला उभं केलंय. चुलतभाऊ चिडवतो, मी त्याच्यामागं धावतो, एक कोकरू अलीकडंच राहतं. अंधार पडेस्तोवर तुम्ही हिंडलात, सापडलं नाय. मला मारलं नाही. म्हणालात, "राग लई येतो ना तुला? कर की. पण जागेवर उभा राहून कर." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. आता मला हे कोण सांगणार?

आज सगळे परत येतायत, नगर नाक्यावरून वळतील. मला कुणी बोलावलेलं नाही. तरी शेवटची गाडी वळेपर्यंत मी उभा राहणार आहे. बोलणार नाही.

सगळ्यांना सांगितलं, रागात निघून गेलो. ते खोटंय, आण्णा. मी नाही दिसलो तर ती मला शोधत येते का, ते मला बघायचं होतं.

हा कागद तुमच्या पान्यांच्या डब्यात ठेवतो. आई विचारतेय, "आता कुठं निघालास?" नाक्यावर, एवढंच सांगून बाहेर पडणार आणि दार ओढून घेणार.