रात्रीची गोळी, सकाळचा तलाव

३ फेब्रुवारी

दोनशे चौदा! वाईट कोलेस्टेरॉल. माझं!

तलावावरच्या सगळ्यांची तपासणी होती म्हणून रक्त दिलं, नाहीतर कोण जातंय. तिकीटवाल्याचं नॉर्मल आलं. तो दिवसभर खुर्चीत बसून काहीबाही चघळत असतो! आणि मी पोहण्याची कोच, एकेचाळीस वर्षांची, रोज पाण्यात — माझ्या रिपोर्टवर लाल खूण. तिकीटवाला इतका खूश झाला की चहा पाजला.

अकरा वर्षं झाली लग्नाला, तरी मी नवऱ्याला फ्रेमवालाच म्हणते. फोटोंच्या चौकटी करता करता तोही चौकोनी झालाय. रिपोर्ट उलटा-सुलटा पाहून म्हणाला, "बरा छापलाय. लावू का भिंतीवर?"

हसले. पण झोपताना छातीवर हात ठेवून पाहिलाच.

६ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. बाई माझ्याच वयाच्या, बोलणं तुटक.

"वडील?"

"गेले. हार्ट. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी."

पेन थांबलं. "आणि त्यांचे वडील?"

"तेही लवकरच. एकाही फोटोत म्हातारे दिसत नाहीत."

मग त्यांनी समजावलं. हे खाण्यापिण्याचं पाप नाही, रक्तातून आलंय. पोहणं सोडायचं नाही, पण नुसत्या पोहण्याने भागणार नाही. लिव्हर, थायरॉईड तपासून घेतलं, आणि गोळी लिहून दिली. रोज रात्री एक.

"अंग विनाकारण दुखायला लागलं, लघवी काळपट झाली, तर अंगावर काढू नका. लगेच फोन करा. आणि भाऊ-बहीण कोण?"

"एक दादा."

"त्यालाही घेऊन या."

दादाला आणा म्हणे! यांनी दादा पाहिलेला नाही.

८ फेब्रुवारी

दादाला फोन केला. बेकरीत होता, मागे मिक्सर घरघरत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू काडीपैलवान, तुला कसलं कोलेस्टेरॉल! डॉक्टरांचे धंदे. एकदा ती गोळी मागे लागली की सुटत नाही."

"तू कधी तपासणार?"

"माझी भट्टी गरम आहे, ठेवतो."

बाबांबद्दल अवाक्षर नाही. बाबा पडले ते त्याच भट्टीसमोर, आणि तेव्हा जवळ दादाच होता. सतरा वर्षांचा. या विषयावर तो कधीच बोलत नाही, मीही नाही.

१२ फेब्रुवारी

गोळी सुरू. काही वाटत नाही. थोडी निराशाच झाली!

३० मार्च

एकशे अठरा! डॉक्टरबाई चक्क हसल्या. मी तिकीटवाल्याला रिपोर्ट दाखवला. त्याचा चेहरा पडला.

काय बरं वाटलं म्हणून सांगू. एवढीशी गोळी, पाण्याचा घोट, संपलं. सकाळी तलावावर नव्या बायकांची बॅच. त्यांत एक शाळेतून रिटायर झालेल्या बाई आहेत. सगळे टीचरबाई म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिला आणि स्वतः पाण्याला घाबरतात. कठडा सोडत नाहीत. "कोच, मी आज फक्त बघते." रोज हेच!

२२ एप्रिल

टीचरबाईंनी कठडा सोडला! अख्ख्या बॅचने टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता मेले तरी चालेल." म्हटलं, "आधी हात मारायला शिका, मग बघू."

९ मे

घसा बसलाय. शिट्टी फुंकून भागवते.

१० मे

तलावाजवळच्या दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टर, बाहेर ही गर्दी. विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत?" म्हटलं, "नाही."

अँटिबायोटिक दिलंय, आठवडाभर.

१४ मे

घसा बरा. मांड्या मात्र भरून आल्यात. परवा पायाला पोहण्याचे रबरी पंख लावून सराव घेतला, त्याचंच असणार.

१६ मे

जिना चढताना कठड्याला धरलं. फ्रेमवाला मागून म्हणाला, "म्हातारी झालीस."

त्याला टॉवेल फेकून मारला. हातही दुखला.

१७ मे

हे लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

आज टीचरबाईंना पहिल्यांदा खोल बाजूला नेलं. छान चालल्या होत्या. मधोमध आल्या, खाली पाहिलं — आणि संपलं. हातपाय झाडायला लागल्या, माझ्या गळ्यात पडल्या. असे किती प्रसंग निस्तरलेत मी! मागून काखेत हात घालायचा, पाय मारायचे, काठ गाठायचा. मी पाय मारले. पाय हललेच नाहीत! म्हणजे हलले, पण जसे काही दुसऱ्याचे. पोत्यात भरलेले. आम्ही दोघी खाली गेलो. पाणी हिरवं दिसायला लागलं. मनात एवढंच आलं — या बाईने माझ्या भरवशावर कठडा सोडला.

कसं केलं माहीत नाही. नुसत्या हातांनी ओढलं असेल. तिकीटवाला बाहेरून बांबू घेऊन धावला, त्याचं टोक माझ्या हाती आलं. बाई वर आल्या, खोकल्या, रडल्या, आणि मग माझ्याच पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "माझंच चुकलं हो कोच, मी खाली पाहिलं."

मला काठावर चढता येत नव्हतं. तिकीटवाल्याने दोन्ही हात धरून वर घेतलं.

घरी आले. बाथरूममध्ये गेले, तर लघवी कोऱ्या चहासारखी.

तिथेच डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं. फोन केला. "आहात तशा निघा," म्हणाल्या.

१९ मे

हॉस्पिटल. हाताला सलाईन. परवापासून बाटलीमागून बाटली. किडनी धुऊन काढतायत म्हणे.

डॉक्टरबाईंनी माझ्या पिशवीतली सगळी पाकिटं पलंगावर मांडली होती. घशाच्या गोळीचं पाकीट उचललं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"हे कोणी दिलं?"

सांगितलं.

"कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, हे त्यांना सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. मला ते औषध वाटलंच नव्हतं! औषध म्हणजे दुखलं-खुपलं की घेतात ते. ही तर रोजची, दात घासल्यासारखी.

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "घशाच्या गोळीने ही गोळी शरीरातून बाहेर पडूच दिली नाही. रोज घेत गेलात तशी ती साठत गेली. सगळा मार बसला स्नायूंवर. दोन्ही औषधं आपापल्या जागी चांगली. एकत्र यायला नको होती, एवढंच. तेवढे दिवस ही थांबवली असती, किंवा घशाला दुसरं काही दिलं असतं, तर काही झालं नसतं."

"आता?"

"आता दोन्ही बंद. किडनी ठीक आहे. वेळेत आलात."

फ्रेमवाला खिडकीत उभा होता. पाठमोरा. तो रडतो तेव्हा असाच उभा राहतो.

२० मे

दादा आला, पिशवीभर पाव घेऊन. हॉस्पिटलमध्ये पाव! नर्सने दोन घेतले.

"मी सांगत होतो," म्हणाला. "बघ काय झालं. आता शहाणी हो आणि सोडून दे ती गोळी."

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. आणि खरं सांगायचं तर — मलाही तेच वाटत होतं.

२ जून

घरी. हळूहळू चालते. तलावावर पोरगेला बदली कोच आलाय. बायका त्याला "बाळ" म्हणतात. बरं झालं.

टीचरबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात उतरलात की मी उतरेन. तोवर उथळ बाजूला पाय भिजवते."

मी अजून त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. त्यांना मात्र काही वाटत नाही! कसली माणसं असतात.

२० जून

स्नायूंचा आकडा नॉर्मल. कोलेस्टेरॉल मात्र परत दोनशेच्या वर.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दुसरी गोळी आहे. वेगळ्या जातीची, इतर औषधांशी कमी भांडणारी. अगदी कमी डोसने सुरू करू, लवकर रक्त तपासू.

मी म्हटलं, "मला भीती वाटते."

"वाटणारच. मला तुमच्या त्या फोटोंची वाटते. ज्यांत कुणी म्हातारं दिसत नाही."

विचार करून सांगते म्हटलं.

२१ जून

फ्रेमवाल्याला विचारलं, काय करू. नेहमी थट्टा करतो, आज नाही केली. म्हणाला, "तू ठरव. पण मला तुझा म्हातारपणीचा फोटो फ्रेम करायचाय."

गोळी आणली.

या वेळी औषधाच्या दुकानातल्या बाईंना आधीच सगळी हकीकत ऐकवली, घशापासून पायापर्यंत. मागे रांग लागली! त्यांनी कागदावर गोळीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. "पर्समध्ये ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हा कागद, मग दुखणं."

२५ जुलै

एकशे सव्वीस! मांड्या ठीक. लघवी ठीक. (हे असलंही आता आनंदाने लिहिते!)

२८ जुलै

पाण्यात. देवा, पाणी! पाय माझेच आहेत. टीचरबाई आणि मी मिळून खोल बाजू पार केली. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, "यावेळी मी खाली पाहिलंच नाही." मी म्हटलं, "मी पाहिलं. काही नव्हतं."

१२ ऑगस्ट

आज दादाला हातोहात फसवलं!

"रक्त द्यायचंय, चक्कर येते, सोबत ये," म्हटलं. आला बिचारा बेकरी वहिनीवर टाकून. नर्सने माझं रक्त घेतलं आणि विचारलं, "यांचंही?" मी म्हटलं, "हो." दादा उठला. दारापर्यंत गेला. मग परत आला आणि खुर्चीत बसला. बाही वर केली आणि भिंतीकडे पाहत राहिला.

बाहेर आल्यावर पायरीवरच बसला. म्हणाला, "मला गोळीची भीती नव्हती गं. आकड्याची होती. पुढच्या वर्षी मी अठ्ठेचाळीसचा."

मी शेजारी बसले. म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं, बाबा पीठ सांडलं म्हणून खाली वाकलेत. मी हसलो होतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्याचा हात धरला. दोघांच्या हातांना कापसाचे बोळे चिकटवलेले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

१५ ऑगस्ट

दादाचा आकडा माझ्यापेक्षा मोठा. छातीचा फोटो, ईसीजीची पट्टी, सगळं झालं. सुदैवाने हृदय अजून धड आहे. गोळी सुरू. मला तीनदा फोन: जेवणाआधी की नंतर? विसरली तर दोन घ्यायच्या का? (नाही रे बाबा!) आणि मिक्सरच्या आवाजात ओरडून — "माझी तुझ्यापेक्षा जास्त पॉवरची आहे!" याचाही तोरा!

६ सप्टेंबर

वहिनी सांगत होती, दादा आता बेकरीत येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही कोलेस्टेरॉल तपासायला सांगतो. पावात लोणी घालत घालत!

सगळं कसं जाग्यावर आलंय. दुपारी अंथरुणावर पडून छत बघत होते. काही नको होतं.

३ ऑक्टोबर

पाळी चुकली ती मी वयावर ढकलली होती. आज सकाळी तपासलं. मग दुसऱ्या कंपनीची पट्टी आणून पुन्हा तपासलं. दोन्हींवर दोन रेघा.

ज्याचं नाव काढणंही आम्ही घरात कधीच सोडून दिलं होतं!

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, "गोळी आजपासून बंद, पोटात बाळ असताना ती चालत नाही. घेतल्या गेल्यात त्याने घाबरू नका, पण उद्या सकाळी या. दोघंही या."

दोघंही.

जिन्यात फ्रेमवाल्याची पावलं वाजतायत.