तुमचं ऑल राइट

आबा,

आज तुमच्या नातीने मला विचारलं, "आई, ऑल राइट म्हणजे हो की नाही?" तिला बोटीवरच्या नोकरीला जायचंय, महिनोन्महिने. माझ्या तोंडून तुमचाच शब्द निघून गेला होता. मला हसू आलं.

तुम्हाला इंग्रजी तेवढंच येत होतं. जासईच्या कंटेनर यार्डात ड्रायव्हर ट्रेलर मागे घेताना तुम्ही पाठीमागे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करायचात आणि मग "ऑल राइट". त्याबरोबर कंटेनरवर एक थाप पडली तर थांब, दोन पडल्या तर जाऊ दे. घरी थापा नसायच्या, तिथेच पंचाईत. माझा दहावीचा निकाल ऑल राइट, मोरा गावातल्या आत्याशी भांडून फोन ठेवतानाही ऑल राइट. आईला सूर कळायचा. जेवताना ती हळूच म्हणायची, "यांचा ऑल राइट आज बारीक हाय. मीठ जास्त झालाय."

ऑफिसातल्या, जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करायचंय असं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही बांगडा खात होता. काटा ताटाच्या कडेला ठेवून म्हणालात, "ऑल राइट." मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माला नाय कलला." पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका शब्दावर काढले.

मग तो घरी आला. तुम्ही त्याच्याशी रस्त्यांबद्दल बोललात, विमानतळाबद्दल बोललात, लग्नाबद्दल एक अक्षर नाही. निघताना आपल्या गल्लीत त्याची गाडी वळेना. तुम्ही अनवाणीच मागे धावलात. येऊ दे, येऊ दे, गटार सांभाळ. गाडी रस्त्याला लागली तसे तुम्ही "ऑल राइट" म्हणालात आणि डिकीवर हात मारलात. दारातून आई म्हणाली, "आता कलला."

तुमचे जावई अजून म्हणतात, थाप एकच होती, म्हणून मी थांबलो तो थांबलोच. मी म्हणते, दोन होत्या.

मघाशी लेक स्कूटर काढत होती. मी खाली गेले, मागच्या सीटवर दोनदा हात मारला. तिला काही कळलं नाही. तिला हे सगळं सांगावं लागेल, म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं. आता कागद घडी करून कपाटात, तुमच्या फोटोमागे ठेवते.

एक मात्र तिला सांगणार नाही. त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं, थापा मी मोजल्याच नव्हत्या.